सणासुदीला काय वाचावं, हे आमच्या सणांवरून ठरवा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी वर्धा जिल्ह्यात, आर्वी तालुक्यातल्या एका खेड्यात सार्वजनिक वाचनालय सांभाळते. ड वर्गाचं वाचनालय आहे, म्हणजे एक खोली, पाच लोखंडी कपाटं, एक लांब टेबल, दोन बाकं आणि पेपरचा स्टँड. आपला पेपर सकाळच्या एसटीनं येतो आणि अकरा वाजेपर्यंत त्याची पानं वेगवेगळ्या हातात गेलेली असतात. मागच्या महिन्यात रविवारच्या पुरवणीत सणासुदीला काय वाचायचं आणि काय बघायचं याची यादी आली होती, ती मी कापून बोर्डावर लावली. पेपरनं असा विषय घेतला याचा मला खरंच आनंद झाला, कारण सण आला की पेपरात पुरणपोळी आणि साड्याच जास्त असतात. पण ती यादी पंधरा दिवस बोर्डावर होती आणि त्यातलं एकही पुस्तक एकाही माणसानं मागितलं नाही, म्हणून हे पत्र लिहायला बसली.

मी लोकांना विचारलं की काऊन नाही मागत. यादीत मंगळागौर होती, दहीहंडी होती, गणपती तर होताच. तान्हा पोळा नव्हता, मारबत नव्हती, भुलाबाई नव्हती, अशोक विजयादशमी नव्हती. पुस्तकं सगळी नवीन, चारशे पाचशे रुपयांची, आणि बघायचं जे होतं ते सगळं मोबाईलवर महिन्याचे पैसे भरून बघायचं. आमच्याकडे रेंज पाण्याच्या टाकीजवळ गेल्याशिवाय मिळत नाही. एक म्हातारे बाबा रोज पेपर वाचायला येतात, ते चष्मा वर करून म्हणाले, "बाई, हे यादी चांगली हाय, पन हे आपल्या गावासाठी नाही लिहली." मला ते लागलं. कारण आमच्या सणांसाठी, आमच्याच भागातल्या माणसांनी लिहिलेलं आणि आमच्याच भागातल्या माणसांवर काढलेलं इतकं काही आहे की वर्षभर पुरेल, फक्त कोणी सांगत नाही.

दोन वर्षांपासून मी एक साधी गोष्ट करते. सण जवळ आला की कपाटातली त्या सणाशी जुळणारी चारपाच पुस्तकं काढून लांब टेबलावर मांडते, खाली चादर टाकते, आणि एका पुठ्ठ्यावर स्केचपेननं लिहिते की हे पुस्तक आत्ता का वाचायचं. दुसरं काहीच नाही. कपाटाच्या काचेआड पुस्तक असलं की लोक लांबूनच बघतात, चावी मागायला लाजतात, आणि बायका तर आतच येत नाहीत. टेबलावर असलं की हात लागतो. ग्रंथपालाचा कोर्स केला तेव्हा डॉ. रंगनाथन यांचे १९३१ चे पाच नियम पाठ केले होते, प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक, तेव्हा ते परीक्षेपुरते होते, आता रोज दिसतात.

सुरुवात पोळ्यानं केली. आमच्याकडे पोळा म्हणजे वर्षाचा सण, आदल्या दिवशी बैलाचे खांदे हळद-लोण्यानं शेकायचे आणि त्याच्या कानात म्हणायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवायले या. पोळ्याला मी महात्मा फुल्यांचं 'शेतकऱ्याचा असूड' ठेवलं, १८८३ सालचं. मला वाटलं जुनी भाषा आहे, कोण वाचणार. पण पारावर झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, म्हणणारे जे दोघंतिघं आहेत त्यातल्या एकानं ते उचललं, आणि कर्ज, सावकार, कचेरीतले हेलपाटे याचं वर्णन आलं तिथून तो मोठ्यानं वाचायला लागला आणि बाकावरचे सगळे ऐकत राहिले. सव्वाशे वर्षांच्या वरचं लिखाण आहे आणि मधेच एकजण म्हणाला, हे तं आत्ताचं हाय. पुढच्या वर्षीच्या पोळ्यात त्यानं दोन नव्या झडत्या बांधल्या, त्यात कचेरीचे हेलपाटे आले होते. पुस्तक असं गावात मुरतं साहेब.

दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. पोट्टे लाकडी बैल सजवून घरोघर जातात आणि बोजारा, म्हणजे सणाची भेट, मागतात. आमच्या जिल्ह्यात सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा बघायला लांबून लोक येतात. त्या दिवशी जो पोट्टा नंदी घेऊन वाचनालयात येतो त्याला मी बोजारा म्हणून दहा रुपये नाही देत, एक पातळ पुस्तक घरी न्यायला देते, आठ दिवसांत परत आणायचं आणि त्यातली गोष्ट मला सांगायची. पहिल्या वर्षी सात पोरं आली, यंदा एकतीस. एक पहिलीतली पोरगी नंदीच्या गळ्यात पुस्तक दोरीनं बांधून घेऊन गेली. आणि मारबतीचं म्हणाल तर नागपूरची काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे मोठाल्या पुतळ्यांची मिरवणूक, इंग्रजांच्या काळापासून निघते, गावोगाव आम्हीपण पोळ्याच्या पाडव्याला, म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी, पळसाचे मेढे शिवेबाहेर नेतो आणि घेऊन जा गे मारबत असं ओरडतो, पण का ओरडतो हे पोरांना सांगणारं चार पानांचं सोपं मराठी लिखाण मला कुठं सापडलं नाही. हे आपण छापू शकता.

नागपंचमीचं ऐका. १६ ऑगस्ट १९४२ ला नागपंचमी होती आणि त्याच दिवशी आमच्या शेजारच्या आष्टीत आणि तिकडे चिमूरला लोक रस्त्यावर उतरले, गोळीबार झाला, माणसं मेली. आष्टीला आजही आष्टी शहीद म्हणतात. तुकडोजी महाराजांच्या भजनांनी त्या वेळी हा सगळा पट्टा पेटला होता आणि महाराजांनापण इंग्रजांनी जेलमधे टाकलं. आमच्या पोरांना जालियनवाला बागची तारीख पाठ आहे आणि पंचवीस तीस किलोमीटरवर काय झालं ते माहीत नाही. त्यावर आमच्या वाचनालयात वेगळं पुस्तक नव्हतं, म्हणून मी टेबलावर एक दोनशे पानी कोरी वही ठेवली आणि आठवी नववीच्या पोरांना सांगितलं की घरातल्या म्हाताऱ्यांनी त्यांच्या आईबापाकडून जे ऐकलं ते लिहून आणा. चाळीस पानं भरली. अक्षर वेडंवाकडं आहे, काही गोष्टी एकमेकींशी जुळत नाहीत, पण वाचनालयात सगळ्यात जास्त उघडली जाणारी वही तीच आहे.

'ग्रामगीता' तर टेबलावरून कधीच काढत नाही. महाराजांची पुण्यतिथी मोझरीला अश्विन वद्य पंचमीच्या सुमारास होते, आमच्या गावातून ट्रॅक्टर भरून लोक जातात आणि चार वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी लाखो माणसं एकदम गप्प उभी राहतात, ते ज्यानं पाहिलं त्याला सांगायला नको. पण तिथं जाणाऱ्या किती जणांनी ग्रामगीतेचे एक्केचाळीस अध्याय वाचले असतील? घरात लाल कापडात बांधून देव्हाऱ्यात ठेवलेली असते. मी पुण्यतिथीच्या आधी एकेका अध्यायाचं नाव रोज बोर्डावर लिहिते, आणि सरपंचापासून अंगणवाडीच्या ताईपर्यंत ज्याच्या कामाचा जो अध्याय तो त्याला सांगते. ग्रामसफाई, ग्रामशिक्षण, व्यसन, लग्नातला खर्च, सगळं त्यात आहे, आणि हे पुस्तक स्वस्त आहे म्हणून कोणाला परवडत नाही असंपण नाही.

दसऱ्याला आमच्याकडे दोन सण एकत्र येतात आणि पेपरच्या यादीत दरवेळी एकच येतो. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी नागपुरात दीक्षा घेतली, तो विजयादशमीचा दिवस होता, त्यालाच अशोक विजयादशमी म्हणतात. आमच्या गावचे लोक दरवर्षी दीक्षाभूमीवर जातात, आणि संपादक साहेब, तिथून येताना त्यांच्या पिशवीत काय असतं ते बघा. पुस्तकं असतात. तिथं रस्त्याच्या कडेला पुस्तकांचे स्टॉल लागतात, मजुरी करणारी बाई दोन पुस्तकं छातीशी धरून बसमधे चढते. सणाला पुस्तक विकत घ्यायचं ही पद्धत कोणी शिकवली नाही, ती आपल्याच डोळ्यांसमोर तयार झाली आणि सगळ्या महाराष्ट्रानं ती घ्यावी असं मला मनापासून वाटतं. मी त्या आठवड्यात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' आणि शासनानं काढलेले बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड ठेवते, आणि संध्याकाळी जब्बार पटेलांचा सिनेमा दाखवते, ज्यात मामुट्टींनी बाबासाहेबांचं काम केलंय. तीन तासांचा आहे, दोन दिवसांत दाखवावा लागतो, पण दुसऱ्या दिवशी पहिल्या दिवसापेक्षा जास्त लोक असतात. पहिल्या वर्षी दोन वस्त्यांमधली माणसं दोन बाजूला बसली. दुसऱ्या वर्षी पाऊस आला आणि सगळे खोलीत दाटीवाटीनं बसले.

आता भुलाबाई येईल. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत पोरी घरोघर गाणी म्हणतात आणि डब्यातली खिरापत ओळखायला लावतात. पोरींचा आणि सुनांचा हाच एक सण आहे जिथं सासरच्या तक्रारी मोठ्यानं गाता येतात. त्या महिन्यात मी ताराबाई शिंदे यांचं 'स्त्रीपुरुष तुलना' ठेवते. ताराबाई बुलढाण्याच्या. १८८२ साली त्यांनी हे पातळसं पुस्तक लिहिलं, बायकांनाच सगळा दोष का, पुरुषांचं काय, असं सरळ विचारलं, आणि पुढं इतकी वर्षं ते विस्मरणात गेलं की १९७५ मधे परत छापलं तेव्हा लोकांना कळलं की असं काही होतं. मागच्या साली एका नव्या सुनेनं पहिलं पान दारात उभ्याउभ्या वाचलं, चप्पलपण काढली नव्हती. मग म्हणाली, "बाई, हे बाई आपल्या बुलढान्याची? खरंच?" मी म्हटलं हो, तेव्हा ती आत येऊन बसली. तिला घरी पुस्तक न्यायचं नव्हतं, रोज दळण टाकायला आली की चक्कीवर नंबर लागेपर्यंत इथं बसून वाचायची, बारा दिवसांत संपवलं. असे वाचक रजिस्टरात येत नाहीत, कारण पुस्तक घरी गेलंच नाही. पण ते आहेत.

उद्धव शेळके यांचं 'धग' कोणत्या सणाला ठेवावं हे मला खूप दिवस कळत नव्हतं. १९६० ची कादंबरी, कौतिकची गोष्ट, पूर्ण वऱ्हाडी बोलीत बोलणारी माणसं. त्यात सणासारखं काहीच नाही, नुसतं राबणं आहे. शेवटी ८ मार्चला ठेवली आणि बचत गटाच्या मीटिंगमधे दहा पानं वाचून दाखवली. कौतिक बोलायला लागली तशा बायका एकमेकींकडे बघायला लागल्या आणि एक मावशी म्हणाल्या, "हे तं माह्या मायच्या तोंडचं हाय." त्यांना आजवर वाटत होतं की पुस्तकात फक्त शुद्धच लिहितात, आपण बोलतो ते छापत नाहीत. त्या मावशी चौथी शिकलेल्या. त्यांनी धग दोन महिने ठेवलं, दंड मी लावला नाही.

गाडगेबाबांची पुण्यतिथी २० डिसेंबरला. शाळेत त्या दिवशी झाडू मारतात, फोटो काढतात, संपलं. बाबांच्या स्वतःच्या आवाजातलं कीर्तन रेकॉर्ड झालेलं आहे, ते मी स्पीकरवर लावते. बाबा लोकांना प्रश्न विचारत विचारत कीर्तन करायचे आणि लोक उत्तर द्यायचे. आमच्या खोलीत ते लावलं तर समोर बसलेली पोरं खरंच उत्तर द्यायला लागली, हो बाबा, नाही बाबा, जणू बाबा समोर उभे आहेत. १९५६ मधे गेलेला माणूस. त्यानंतर 'देवकीनंदन गोपाला' दाखवते, १९७७ चा, डॉ. लागूंनी बाबांचं काम केलंय, आणि ज्याला वाचायचं त्याला गो. नी. दांडेकरांचं पुस्तक देते. आधी ऐकायचं, मग बघायचं, मग वाचायचं, हा क्रम मला फार उपयोगी पडला. जे थेट पुस्तकाकडे येत नाहीत ते असे वळसा घेऊन येतात.

आषाढीला प्रभातचा 'संत तुकाराम', १९३६ चा. पेरण्यांची घाई असते तरी उपासाच्या दिवशी संध्याकाळी लोक येतात. वर्धा नदीच्या पलीकडे कौंडण्यपूर आहे, रुक्मिणीचं माहेर, तिथून पंढरपूरला पालखी जाते, म्हणून आमच्याकडे विठ्ठल म्हणजे जावई. शेवटी तुकोबा वैकुंठाला जातात तिथं सगळ्या खोलीनं हात जोडले होते.

एक गोष्ट मात्र मी सणाला करत नाही. 'गाभ्रीचा पाऊस' हा २००९ चा सिनेमा फार चांगला आहे, आपल्याच भागातल्या कापसाच्या शेतकऱ्याचा आहे, नवरा जिवाचं काही बरंवाईट करेल म्हणून बायको त्याच्यावर डोळा ठेवते त्याची गोष्ट आहे. पोळ्याला दाखवा असं काही पोरं म्हणाली होती. मी नाही म्हटलं. आमच्या गावात ज्या घरी हे झालं त्या घरची बाई समोरच्या बाकावर बसलेली असते, सणाच्या दिवशी तिला ते दाखवायचं नाही. तो सिनेमा आम्ही उन्हाळ्यात, आधी सांगून, ज्याला यायचं त्यानं या असं करून दाखवला. यादी करणाऱ्यानं हेपण बघावं, की कोणत्या दिवशी काय द्यायचं नाही.

बाकी सांगायला खूप आहे, पत्र लांबतंय. २७ फेब्रुवारीला मराठी भाषेच्या यादीची सुरुवात रिद्धपूरपासून व्हायला पाहिजे, ते अमरावती जिल्ह्यात आहे, चक्रधर स्वामींवरचं 'लीळाचरित्र' आणि महदंबेचे धवळे, म्हणजे लग्नातली गाणी, तिथल्या मातीतले, सातशे वर्षांपूर्वीचे, आणि ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला त्यात या ग्रंथांचा केवढा वाटा आहे. १२ जानेवारीला जिजाऊंचं सिंदखेडराजा. विनोबांची 'गीताई' तर आमच्याच जिल्ह्यातली समजा. २१ ऑक्टोबरला इंग्रजांशी लढलेले बाबुराव शेडमाके, ज्यांना १८५८ मधे चंद्रपूरला फाशी दिली, त्यांचं नाव वर्धेच्या पोरांना माहीत नाही. आणि बघायचं म्हणाल तर दिवाळीपासून होळीपर्यंत वडसा, गडचिरोली, भंडाऱ्याकडे झाडीपट्टीची नाटकं रात्रभर चालतात, हजारो लोक तिकीट काढून बसतात, त्याची तारीखवार यादी आम्हाला इकडे कळतच नाही. नागझिरा, नवेगावच्या जंगलाबद्दल पोरांना सांगायचं तर मारुती चितमपल्लींचं कोणतंही पुस्तक सुट्ट्यांत द्या, परत येत नाही लवकर, हाच त्याचा पुरावा.

दिवाळी अंकांचं थोडं सांगते. १९०९ मधे 'मनोरंजन'नं पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून दिवाळी म्हणजे वाचायचा सण, हे आपण अभिमानानं सांगतो. आमच्याकडे ते अंक नाताळाच्या आसपास पोचतात, कारण अनुदान हप्त्यानं येतं आणि दुकानदार उधारी देत नाही. एका वर्षी एका पुरवठादारानं आम्ही मागितलेली पुस्तकं सोडून स्पर्धा परीक्षेच्या एकाच गाईडच्या अकरा प्रती पाठवल्या, जुन्या अभ्यासक्रमाच्या. त्या परत घेतल्या नाहीत. त्या पैशात पाच सणांची टेबलं झाली असती. पोरांना गाईड लागतं, मी नाही म्हणत नाही, पण गावातल्या वाचनालयात गाईडशिवाय काही नसेल तर नोकरी लागलेला पोरगा परत त्या दारात येत नाही.

म्हणून विनंती अशी की आपण दर सणाच्या आठ दिवस आधी आतल्या पानावर हाताएवढी एक चौकट द्या. मोठी यादी नको. एक मोठ्यांसाठी, एक लहानांसाठी, एक बघायचं किंवा ऐकायचं, आणि त्याचं कारण दोन ओळीत. शंभर रुपयांच्या आत मिळतं का, सरकारी वाचनालयात आहे का, नेटवर फुकट आहे का, एवढं लिहा. सण आमचे घ्या, पोळा, तान्हा पोळा, भुलाबाई, अशोक विजयादशमी, मेळघाटातली कोरकूंची होळी, गोंडांचे सण, आणि पुस्तकं निवडायला त्या त्या भागातल्या ग्रंथपालांना विचारा. गावोगाव आमच्यासारख्या किती बाया आणि माणसं नाममात्र मानधनावर ही दारं उघडतात, त्यांना कोणतं पुस्तक कोणाच्या हातात जातं हे तोंडपाठ असतं. मी माझी वर्षभराची यादी हातानं लिहून सोबत पाठवत आहे, सात पानं आहेत, जे योग्य वाटेल ते घ्यावं, माझं नाव नाही टाकलं तरी चालेल.

पहिली चौकट भुलाबाईची छापली तर फार बरं होईल, आणि पौर्णिमेच्या आधी छापा, कारण एकदा पोरी संध्याकाळच्या गाणी म्हणत फिरायला लागल्या की मग महिनाभर बोर्डाकडे कोणी बघत नाही. टेबलावरची चादर मी धुऊन ठेवली आहे.

आपली नम्र,
एक ग्रामीण ग्रंथपाल
ता. आर्वी, जि. वर्धा